बेचाळीस नंबरची बाटली

तिला सगळे नाकमावशी म्हणत. नाक काही मोठं नव्हतं, बसकंच होतं. पण त्या नाकाला जे कळे ते दुसऱ्यांना डोळे फाडून कळत नसे. आई सुकी मासळी विकायची. टोपल्यांमधूनच ही रांगली आणि टोपल्यांशेजारीच वाढली. कोणती मासळी कालची, कोणती आठवड्याची, कोणत्या टोपलीला ओल लागलीय, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. पुढं प्रसूतिगृहात कामाला लागली तेव्हा नाकाची कीर्ती झाली. वऱ्हांड्यातून जाता जाता म्हणायची, "तीन नंबरच्या खाटेवरचं बाळ ओलं झालंय," आणि झालेलंच असायचं. दूध नासायच्या आधी तासभर तिला खबर. एका नव्या नर्सनं चेष्टेत विचारलं, "मावशी, तुम्ही नाकानं कांदे सोलता म्हणे?" तर ही म्हणाली, "सोलत नाही बाई. सडलेला तेवढा सांगते."

त्या नाकानं पुढं तिचा घात केला असं तिला बरेच दिवस वाटायचं. पण नाकाला बोल लावून काय उपयोग. नाकानं नुसतं सांगितलं. केलं ते हातांनी.

झालं असं की प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास काढला. गरोदर बायकांना पाचव्या महिन्यापासून बाळंत होईपर्यंत रोज दोन गोळ्या द्यायच्या. पिवळ्या, पारदर्शक, आत तेल. निम्म्यांना माशाचं तेल, निम्म्यांना साधं, बियांचं. कोणाला कोणतं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं आणि ती यादी दुसऱ्या शहरात कुलुपात. खुद्द डॉक्टरीणबाईंनाही पत्ता नाही. बाटलीवर फक्त नंबर. मग आईचं रक्त, नाळेतलं रक्त, आणि पोर तीन वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी घरी जाऊन चौकशी: अंगावर पुरळ येतं का, छाती वाजते का, आईला ताप-सर्दी किती वेळा झाली.

"पण माशाच्या तेलाचा आणि पोराच्या छातीचा काय संबंध?" नाकमावशीनं तेव्हाच विचारलं होतं.

डॉक्टरीणबाई उंच, हडकुळ्या, बोलताना पेनाचं टोपण चावायच्या. म्हणाल्या, "मावशी, अंगात एक राखणीचं कुत्रं असतं असं समजा. चोर आला की भुंकायचं आणि पाहुणा आला की गप्प बसायचं, एवढं त्याला शिकावं लागतं. काही पोरांचं कुत्रं धुळीवर भुंकतं, अंड्यावर भुंकतं, भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतं. मग पुरळ उठतं, मग दम लागतो. हे शिक्षण आईच्या पोटातच सुरू होतं. आईच्या रक्तातून माशाचं तेल पोचलं तर कुत्रं जरा शहाणं निपजतं का, आणि आईलाही त्याचा फायदा होतो का, ते बघायचंय."

"आणि नाही निपजलं तर?"

"तर तेही कळेल. म्हणून तर कोणाला काय मिळालं ते आपल्याला ठाऊक नको. ठाऊक असलं की माणूस त्यात आपलं मन घालतो."

हे वाक्य नाकमावशीला पाठ होतं. पाठ असून काय.

दर महिन्याला बाटल्यांचा खोका यायचा. सामानाच्या खोलीत बसून एकेक बाटली उघडायची, साठ गोळ्या मोजायच्या, झाकण घट्ट करायचं आणि आपल्या भागातल्या बत्तीस घरी पोचवायच्या. जुन्या बाटलीत किती उरल्या ते मोजून कागदावर लिहायचं. गोळीचं आवरण जाड होतं, वरून लिंबाचा वास चोपडलेला. कोणाच्या बापाला कळणार नाही अशी व्यवस्था केली होती. बापाला कळलंच नसतं. पण पहिल्याच खोक्यातली तिसरी बाटली उघडली आणि मासळीवालीच्या लेकीला लिंबाखाली आईची टोपली सापडली. पुढच्या बाटलीत नुसतंच लिंबू. तिच्या पुढच्या दोन्हींत टोपली. निम्मा खोका तिनं असा वाचून काढला. आधी तिला गंमतच वाटली.

मग तिनं एकेचाळीस नंबर उघडला. तो तिच्या लेकीचा होता.

नियमानं लेकीची बाटली दुसरीनं न्यायला हवी होती, पण त्या भागात फिरणारी दुसरी होतीच कुठं. झाकण काढलं, नाक जवळ नेलं. लिंबू. आणखी जवळ नेलं. लिंबूच.

नाकमावशीचा नवरा दम्यानं गेलेला. शेवटची दोन वर्षं तो माणूस खुर्चीत बसून श्वास ओढायचा, फुटका भाता ओढावा तसा. लेकीलाही तेच, तिचं अर्धं बालपण पाठीला उशी लावून गेलं. आता तिच्या पोटात पाच महिन्यांचं, आणि तिच्या नशिबी साधं तेल. नाकमावशीनं बेचाळीस उघडला. लिंबू, आणि खाली आईची अख्खी टोपली.

बेचाळीस नंबर शिवणवालीचा. लेकीच्याच गल्लीत, चार दारं सोडून, खिडकीशी मशीन घालून बसायची. गालांवर लाली, दंड असे की शिवणकाम करते की कुस्ती. तिच्या घरात कोणी साधं खोकतही नव्हतं. नाकमावशीच्या मनात आलं, हिला काय गरज. आपलं ते बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

चहाची किटली शेगडीवर होती. वाफेवर धरलं की नंबराची चिठ्ठी सुटायला किती वेळ लागतो? दोन घोट चहा प्यावा एवढा. एकेचाळीसची चिठ्ठी बेचाळीसला, बेचाळीसची एकेचाळीसला. अंगठ्यानं दाबली, पदरानं पुसली. झालं.

झालं कसलं, सुरू झालं. कारण पुढच्या महिन्यात नवा खोका आला. चोरी एकदा करून भागत नाही, दर महिन्याला तिची उठाठेव करावी लागते. पाच महिने, पाच वेळा किटली. चौथ्या वेळी अंगठा भाजला. फोड आला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मलम लावलं आणि म्हणाल्या, "जपत जा मावशी, तुमच्या हातांवर माझा अभ्यास चाललाय."

दोघी एकाच आठवड्यात बाळंत झाल्या. लेकीला मुलगा झाला, चार किलोला थोडा कमी, पहिल्या दिवसापासून भुकेला. शिवणवालीला मुलगी झाली. हातपाय काटकुळे, म्हणून बापानं नाव पाडलं टाचणी. कागदावरचं नाव वेगळं होतं, पण सगळी गल्ली टाचणीच म्हणायची. शिवणवालीला बाळंतपणात दोनदा ताप भरला. चौथ्या महिन्यात टाचणीच्या कोपरांत आणि गुडघ्यांमागं लाल चट्टे उठले. वर्षाची व्हायच्या आत छाती वाजायला लागली.

दर तीन महिन्यांनी कागद घेऊन नाकमावशी त्या खिडकीशी बसायची आणि स्वतःच्या हातानं लिहायची. पुरळ: होय. छाती वाजते: होय. दवाखान्यात न्यावं लागलं: दोनदा. मग चार दारं पुढं लेकीकडं. नाही. नाही. एकदाही नाही. त्या पोराच्या प्रत्येक 'नाही'नं तिला आधी बरं वाटायचं आणि लगेच चार दारं मागचं 'होय' आठवायचं.

खाई त्याला खवखवे. ती कामाशिवायही शिवणवालीकडं जायला लागली. दुपारी जाऊन टाचणीला मांडीवर घ्यायची, वाफेच्या मशीनचा मास्क तिच्या तोंडाला धरायची. मास्क खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे, मोजमापाच्या टेपाशेजारी. पोर कोणाला मास्क धरू द्यायची नाही, हिला द्यायची. हिला नाकआजी म्हणायची आणि मास्कमधून तिचं बसकं नाक चिमटीत धरायची.

"तुमचे हात लागले की शांत होते बघा," शिवणवाली मशीनचं चाक थांबवून म्हणायची. "सख्खी माणसं वाट बदलून जातात. कुठलं ऋण फेडताय कोण जाणे."

नाकमावशी मास्कचा दोरा नीट करायची. तो नीटच असायचा.

एकदा शिवणवाली म्हणाली, "गल्लीतल्या बायकांना त्या गोळ्यांनी माशाचे ढेकर यायचे म्हणे. मला एकदाही नाही आला. तेवढं तरी नशीब." नाकमावशीनं खोकल्याचं निमित्त केलं आणि पाणी प्यायला आत गेली.

तीन वर्षं अशी गेली. मग कुलुपातली यादी आली.

डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावलं. चेहरा उजळला होता, टोपण चावून चावून चपटं झालं होतं. "मावशी, माशाच्या तेलाच्या बाजूला छाती वाजणारी पोरं कमी निघाली. फार नाहीत. शंभरात सात. पण कमी."

"सात," नाकमावशी म्हणाली.

"एक भानगड आहे. आठव्या महिन्यात आपण रक्त घेतलं होतं. जिनं माशाचं तेल खाल्लं तिच्या रक्तात ते उतरतंच. सगळ्यांची रक्तं यादीशी जुळली. तुमच्या भागातली एकच नाही जुळत, बेचाळीस. हिला माशाचं तेल होतं आणि रक्तात मागमूस नाही. तुमच्या मोजणीत तर हिनं जवळजवळ सगळ्या खाल्ल्यात. म्हणजे बाईनं फेकल्या असणार."

 नाकमावशी एकेचाळीसची वाट बघत होती, तीही जुळायला नको होती. शेवटी न राहवून तिनंच विचारलं, "बाकीच्या साऱ्या जुळल्या?"

"साऱ्या. तुमच्या लेकीचीही जुळली. साधं तेल, साधं रक्त." डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढं सरकवला. "बेचाळीसकडून खरं लिहून आणा. खाल्ल्या नाहीत, एवढ्या दोन ओळी आणि सही. रागावू नका हो तिच्यावर. बायका लाजेनं खोटं बोलतात."

कागद पिशवीत घालून ती तडक लेकीकडं गेली. उंबऱ्यातच बोका आडवा पसरला होता. त्याला सरदार म्हणत. लेकीच्या पाचव्या महिन्यात दारात आला तेव्हा हाडांचा सापळा होता, आणि चार महिन्यांत असा तुकतुकीत झाला की हात ठेवला तर घसरावा. अंगाला मासळीचा वास यायचा. बोक्याला मासळीचा वास नाही येणार तर काय गुलाबाचा, असं म्हणून नाकमावशीनं तो तेव्हा सोडून दिला होता. आज तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि उंबऱ्यातूनच लेकीला विचारलं.

"त्या गोळ्या तू खाल्ल्या होत्यास ना?"

लेक कपडे वाळत घालत होती. हसली. "आता विचारतेस? पहिलीच गिळली आणि दिवसभर माशाचे ढेकर. मला आधीच मळमळ. सरदारला घातल्या सगळ्या. रोज दोन, अगदी वेळेवर. तुझ्या मोजणीत एक चुकली का सांग."

एकही नव्हती चुकली, तीच तर गोम होती. खरोखर खाणाऱ्या बाईच्या बाटलीत दोन-चार उरतातच. कधी विसरते, कधी उलटी होते. शिवणवालीच्या बाटलीत दर वेळी तीन-चार उरायच्या आणि ती ओशाळून सांगायची. लेकीची बाटली दर वेळी लख्ख रिकामी. बत्तीस घरच्या बाटल्या मोजणाऱ्या बाईला एवढं कळू नये? कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि खाऊन मांजराला घातलं होतं.

तिनं लेकीला सगळं सांगितलं. लेकीच्या हातातला टॉवेल खाली गेला.

"मी मागितलं होतं का तुझ्याकडं?" लेक म्हणाली. "विचारायचंस तरी. नको म्हणाले असते."

"तुझ्या बापाचं आठवलं."

"त्याचं नाव नको घेऊस मध्ये." लेकीनं टॉवेल उचलला, झटकला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, आता बोलून कोणाचं भलं होणार आहे? तिची सही घे. फेकल्या म्हणून दोन ओळी. मिटून जाईल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

खरंच कळणार नव्हतं. त्या चार दारांच्या अंतरात नाकमावशीनं हेच घोळवलं. एका सहीचा तर प्रश्न. बाई थोडी रागावेल, थोडी रडेल, पण तिला अभ्यासाशी काय देणंघेणं. नोकरी राहील, डॉक्टरीणबाईंचा विश्वास राहील, दुपारी नाकआजी म्हणून हाक येत राहील.

शिवणवाली शाळेचे गणवेश शिवत होती. टाचणी जमिनीवर बसून बटणं रंगांप्रमाणं लावत होती. नाकमावशीनं कागद मशीनच्या फळीवर ठेवला आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, जसंच्या तसं.

"मी नाही खाल्ल्या?" शिवणवालीनं पाय थांबवला. "रोज दोन खाल्ल्यात मी. बाटली इथं खणात असायची, दोऱ्याच्या रिळांशेजारी."

 आता बाई भांडेल, मग आपल्यालाही भांडता येईल, अशी नाकमावशीची कुठंतरी आशा होती. पण शिवणवाली भांडली नाही. ती कागदाकडं बघत राहिली आणि तिच्या गालांवरची उरलीसुरली लाली उतरत गेली.

"विसरायचे मी," ती हळू म्हणाली. "महिन्यातून तीन-चार राहायच्या. गणवेशांची घाई होती तेव्हा एक अख्खा दिवस राहिला. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, एवढं चालतं." तिनं टाचणीकडं पाहिलं. "मावशी, तेवढ्यानं झालं का हो हे? माझ्या विसरण्यानं?"

नाकमावशीनं पुष्कळ गोष्टी पचवल्या होत्या. ही घशाखाली जाईना.

"तू खाल्ल्यास," ती म्हणाली. "प्रामाणिकपणे खाल्ल्यास. पण बाटली तुझी नव्हती. तुझी बाटली मी बदलली. दर महिन्याला. तुझं माशाचं तेल लेकीला दिलं आणि तिचं साधं तुला."

टाचणीनं एक निळं बटण निळ्यांत ठेवलं.

"तुम्हाला कसं कळलं कोणती कोणती?"

"वासानं."

शिवणवालीनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. मग म्हणाली, "म्हणजे तुमचा नातू बरा आहे तो माझ्या गोळ्यांनी."

"तो गोळ्यांवाचूनच बरा आहे. लेकीनं एकच खाल्ली. बाकीच्या बोक्याला घातल्या. मला आज कळलं."

शिवणवाली हसली. ते हसणं नाकमावशीनं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची तिची इच्छा नाही. "म्हणजे बोका तरी बरा आहे," शिवणवाली म्हणाली. "चला. वाया नाही गेल्या."

"डॉक्टरीणबाई म्हणतात, शंभरात सातांचाच फरक. टाचणी त्या सातांत असती की नसती, ते कोणालाच सांगता येत नाही. कदाचित तेल मिळूनही—"

"कदाचित," शिवणवाली म्हणाली. "चिठ्ठीत साधं निघालं असतं तर मी नशिबाला दोन शिव्या घालून गप्प बसले असते. तीन वर्षं तुम्ही इथं मास्क धरून बसलात. मी लोकांना सांगत होते, माणूस असावं तर असं." तिनं खणातून पेन काढलं, कागदाशेजारी ठेवलं. "लिहा."

"काय?"

"आत्ता बोललात ते. सही माझी हवी आहे ना त्यांना? खाल्ल्या म्हणून करते. पण आधी तुम्ही लिहा."

नाकमावशीनं लिहिलं. दोन ओळींची जागा होती, सहा ओळी झाल्या. उरलेल्या समासात गेल्या. किटलीही लिहिली. शिवणवालीनं वाचून पाहिलं, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "किती महिने ते राहिलं." नाकमावशीनं पाच लिहिलं. खाली दोघींच्या सह्या झाल्या.

तेवढ्यात टाचणीला खोकला लागला, आणि खोकल्यामागून ती ओळखीची शीळ. नाकमावशीचा हात सवयीनं खिळ्याकडं गेला.

"राहू द्या," शिवणवाली उठली. सुई गणवेशाच्या बाहीत तशीच रुतलेली. "मी धरते."

टाचणी मास्क धरू देईना. मान फिरवत होती, "नाकआजी" म्हणत होती. शिवणवालीनं तिला दोन्ही गुडघ्यांत पकडलं. नाकमावशी कागद घेऊन बाहेर पडली.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. टोपण टेबलावर ठेवलं. "आणखी कोणाच्या बदलल्या?"

"कोणाच्याच नाही. एवढ्या दोघींच्याच."

"मी कशावरून मानू?"

 नाकमावशीच्या भागातल्या बत्तीसही आयांची नावं अभ्यासातून काढली. त्यांनी टोचून घेतलेल्या सुया, दिलेलं रक्त, गिळलेल्या गोळ्या, तिनंच तीन वर्षं लिहिलेले होय आणि नाही, सगळं एका कपाटात गेलं. पुन्हा मोजल्यावर सातांचे सातच राहिले की पाच झाले, ते तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

नोकरीवरून काढलं नाही. कपडे धुण्याच्या खोलीत पाठवलं. तिथं नाकाला कामच काम. चादर हातात घेतली की ती सांगते, ही बाळंतिणीची, ही तापाच्या माणसाची. ऐकायला कोणी नसतं. लेकीकडं जाते. नातू मांडीवर येतो, सरदार पायांशी येतो. सरदारला मात्र ती पायानं बाजूला सारते. मुक्या जनावराचा काय दोष, असं लेक म्हणते. ते तिलाही ठाऊक आहे.

लेकीकडं जायला वाट एकच, त्या खिडकीवरून. शिवणवाली मान वर करत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, पण ती काहीच करत नाही. मशीन चालू असतं. कधी ते मधेच थांबतं. मग नाकमावशी भिंतीच्या कडेला उभी राहते, जिथून ती दिसणार नाही. आतून वाफेच्या मशीनची घरघर येते. ती मोजत राहते, बाटल्या मोजायची तशी, ओठ न हलवता. एकदा सहाशेपर्यंत गेली. शिलाईचा आवाज पुन्हा सुरू झाला की मगच ती पाय उचलते.